थोडंसंच तर आहे!

जिन्याखाली तीन-चार कॅन, मशीनशेजारी एक बाटली, मोरीजवळ रिकामे डबे आणि कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं. छापखाना असो, फर्निचर पॉलिशचं दुकान असो की गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, थिनर, पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांचा साठा बहुतेक ठिकाणी असाच दिसतो. त्याला कुणी साठा म्हणत नाही. ‘थोडंसं ठेवलंय’ म्हणतात. या ‘थोडंसं’वर दोन माणसांचं सहसा जमत नाही : एक, ज्याचं पोट त्यावर चालतं तो; दुसरा, ज्याला ते पाहून धास्ती वाटते तो. इथे ते दोघे मामा-भाची आहेत. मामांचा पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ऑफसेटचा छापखाना आहे. भाची चाकणकडे एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. पात्रं काल्पनिक आहेत, वाद खरा आहे. दिवस नवरात्रातले, म्हणजे दिवाळी अंकांच्या घाईचे.

भाची : मामा, जिन्याखाली काय काय आहे?

मामा : दोन कॅन थिनर, एक आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), एक डबा रॉकेल. लगेच वही काढू नकोस. तुमच्याकडे टँकर येतात, माझ्याकडे हातगाडीवरून कॅन येतात. आणि तू विचारायच्या आधीच सांगतो, कायदा मला ठाऊक आहे. पेट्रोलियम कायदा, 1934, कलम 8. विक्रीसाठी नसेल तर ‘अ’ वर्गाचं पेट्रोलियम 30 लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही. माझ्याकडे थिनर एरवी 20 लिटरच्या आतच असतं. नागपूरला पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचं, पेसोचं मुख्यालय आहे ना, तिथल्या साहेबांना माझं नाव कळायचं काही कारण नाही.

भाची : कलम बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. त्याच कलमात पुढे लिहिलंय की असं विनापरवाना ठेवलेलं द्रव घट्ट बुचाच्या भांड्यात हवं. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर 1 लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. तुमचे थिनरचे कॅन कसले आहेत?

मामा : प्लास्टिकचे. दुकानदारच त्यातून देतो. अगं, 1934 साली प्लास्टिकचे कॅन होते कुठे? तेव्हाच्या साहेबाला माहीतच नव्हतं, तर तो लिहिणार काय?

भाची : कायदा पुढे दुरुस्त झाला, गॅलनचे लिटर झाले, तरी त्या यादीत प्लास्टिक आलं नाही. आणि त्यामागचं कारण तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. थंडीत आर्ट पेपर लावल्यावर काय होतं?

मामा : कागद एकमेकांना चिकटतात. फीडरमध्ये दोन-दोन एकदम जातात. स्थिर वीज. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की नेहमीचंच दुखणं.

भाची : तीच वीज थिनरच्या धारेत तयार होते. थिनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रवातून वीज सहज वाहत नाही, त्यामुळे ओतताना ती साठत जाते. धातूचे डबे असतील तर दोन्हींना चिमट्याची तार लावायची, त्यातला एक डबा जमिनीला जोडायचा, की वीज निघून जाते. प्लास्टिकच्या कॅनला तार लावून उपयोग नाही, त्याच्या अंगावरची वीज तिथेच बसून राहते. आणि या वाफा पेटायला लागते किती ऊर्जा? एका मिलिज्यूलचा साधारण चौथा हिस्सा. थंडीत गाडीच्या दाराला हात लावल्यावर जो झटका बसतो त्यात याच्या कित्येक पट असते.

मामा : बरं, पत्र्याचे डबे घेईन. पण खरं सांग, चार कॅनसाठी एवढं? 30 लिटरची सूट कायद्यानंच दिलीय. धोका असता तर दिली असती का?

भाची : तुमची माझी खरी फारकत इथेच आहे. ही सूट परवान्याची आहे. 30 लिटरच्या आत सरकार म्हणतं, आम्हाला कळवायची गरज नाही. ‘पेटणार नाही’ असं ते कुठेच म्हणत नाही. आणि तुम्ही आयपीएही त्याच हिशोबात धरता. कायद्याची पेट्रोलियमची व्याख्या द्रव हायड्रोकार्बन आणि ते असलेल्या ज्वालाग्राही मिश्रणांभोवती आहे. आयपीए हा अल्कोहोल. तो त्या व्याख्येत बसत नाही, म्हणजे 30 लिटरची सूटही त्याची नाही. तरी 12 अंशाला पेट घेईल इतकी वाफ तो देतोच.

मामा : 12 अंशाला? पुण्यात तेवढी थंडी पडते पौष-माघात, तीही पहाटे.

भाची : तोच त्याचा फ्लॅश पॉइंट. द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीनं पेटेल एवढी वाफ ज्या तापमानाला जमते तो आकडा. पेट्रोलचा शून्याच्या खाली 40 अंशांच्या आसपास, टोल्युइनचा 4. कायदा 23 अंशांखालच्यांना ‘अ’ वर्गात घालतो, 23 ते 65 वाल्यांना ‘ब’ वर्गात. तुमचं रॉकेल ‘ब’मधलं.

मामा : आणि ‘ब’ वर्गाला 2500 लिटरपर्यंत परवाना नाही, एक भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल तर. म्हणजे रॉकेलाची काळजी नको.

भाची : रॉकेलाचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश असावा लागतो. म्हणजे 36-37 असलेलं रॉकेलही चालतं. एप्रिलमध्ये दुपारी मशीन तापल्यावर तुमच्या खोलीत किती असतं?

मामा : 40 च्या वर जात असेल. नागपूर-चंद्रपूरच्या छापखान्यांचं तर विचारूच नकोस.

भाची : मग त्या दुपारी तुमचं रॉकेल ‘अ’ वर्गासारखं वागतं. कागदावर ‘ब’, खोलीत ‘अ’. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेवरच्या ज्वालाग्राही द्रवांसाठी 2002 चे नियम आहेत. त्यांच्या मार्गदर्शनात मर्यादा ठरवताना खोलीचं जास्तीत जास्त तापमान धरतात. फ्लॅश पॉइंट त्याच्या खाली असेल, तर कपाटात 50 लिटरपर्यंत. ज्याचा वर असेल त्याला 250 लिटरपर्यंत मुभा. आपल्याकडे वर्ग ठरलेले आहेत, पण उन्हाळा त्या वर्गांना जुमानत नाही.

मामा : हे पटलं. पण तुझ्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट येत नाही. माझ्या रोलरवरून रोज दीड-दोन लिटर वॉश, म्हणजे पुसायचं द्रव, उडून जातं. ते कुठे जातं? हवेत. इतकी वर्षं जातंय. कधी काही झालं?

भाची : दिवसभर थोडं थोडं जातं, दारं उघडी असतात, पंखा चालू असतो, म्हणून होत नाही. तेच एकदम सांडलं तर काय होईल, याचा हिशोब करू. 1 लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर त्याची साधारण 230 लिटर वाफ होते. हवेत ही वाफ 1.1 टक्का झाली की पेटते. म्हणजे 1 लिटरमधून सुमारे 21 घनमीटर पेटण्याजोगी हवा तयार होऊ शकते. तुमची कटिंगची खोली केवढी आहे?

मामा : दहा बाय नऊ. उंची आठ फूट.

भाची : 720 घनफूट, म्हणजे 20 घनमीटरच्या थोडं वर. एक लिटर, एक खोली. आणि खरं तर सगळी खोली भरायची गरजच नाही. ही वाफ हवेच्या तिप्पट जड, ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत जाते. तुमचा एक्झॉस्ट छताला लावलाय, तो वरची चांगली हवा बाहेर फेकतो. वाफ मात्र खालून जाऊन कॉम्प्रेसरच्या मोटरपाशी पोचते.

मामा : हो, पण 1 लिटर सगळं उडायला वेळ लागतो. तोवर माणूस फडकं टाकतो, दार उघडतो.

भाची : बरोबर. मग ‘थोडं’ म्हणजे किती, याचं उत्तर लिटरमध्ये कसं मिळेल? सांडल्यावर माणसानं काही करायच्या आत जेवढं पसरू शकतं, तेवढंच खरं बघायचं. बूच लावलेल्या 20 लिटरच्या धातूच्या डब्यापेक्षा मशीनखालची उघडी अर्ध्या लिटरची बाटली जास्त धोक्याची असू शकते.

मामा : हे तू आता माझ्याच बाजूनं बोललीस! मी पहिल्यापासून म्हणतोय, आकडे लावून काही होत नाही. म्हणून ‘थोडंसं आहे’ म्हणणाऱ्याला वेडा ठरवू नका.

भाची : आकडे लावून काही होत नाही असं मी म्हणत नाही. आकडा कशाचा लावायचा ते बदला, एवढंच म्हणते. किती ठेवलंय याआधी कुठे ठेवलंय ते बघा. हैदराबादला नामपल्लीच्या बाजारघाट भागात नोव्हेंबर 2023 मध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर रसायनांचे पिंप होते. आग लागली. वरच्या मजल्यांवर कुटुंबं राहत होती, त्यांतली किमान नऊ माणसं गेली.

मामा : वाचलं होतं. पण ते पिंप होते गं. गोदाम होतं ते, नाव फक्त तळमजल्याचं. त्याची माझ्या चार कॅनशी तुलना करणं अन्याय आहे.

भाची : प्रमाणाची तुलना मी करत नाही, जागेची करते. खाली द्रव, वर माणसं, मधे उतरायची वाट. तुमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं आहेत. त्यांना उतरायला हा एकच लाकडी जिना आहे, आणि तुम्ही थिनर ठेवलंय नेमकं त्याच जिन्याखाली. 5 लिटर असलं तरी तिथे नको. बाहेर पडायच्या वाटेवर, जिन्याखाली, दाराच्या आड, हे सगळ्यात वाईट कोपरे. आणि छोट्या जागेत रिकामी जागा म्हणून सगळ्यांना तेच सापडतात.

मामा : कारण दुसरी जागा नसते! जिन्याखाली ठेवणारा मूर्ख नसतो, त्याच्याकडे भाड्याच्या 400 चौरस फुटांत तेवढीच जागा उरलेली असते. वाड्याच्या मागे बोळ आहे, तिथे ठेवलं तर चोरीला जाईल. आणि तुमच्या कारखान्यात असतं तसलं ज्वालाग्राही द्रवांचं पिवळं कपाट! त्याच्या किमतीत माझं कितीतरी महिन्यांचं थिनर येईल.

भाची : पिवळं कपाट चांगलं असतं, पण तेच हवं असा हट्ट नाही. अमेरिकेतला कामाच्या जागेचा सुरक्षा कायदा दोन प्रकारची कपाटं मान्य करतो. एक पोलादी, दुहेरी पत्र्याचं, मधे दीड इंच पोकळी. दुसरं चक्क प्लायवुडचं, निदान एक इंच जाड, सांधे नीट खाचा पाडून बसवलेले, स्क्रूनं दोन दिशांनी आवळलेले.

मामा : प्लायवुड? आगीच्या द्रवांना लाकडी कपाट? चेष्टा करतेस का?

भाची : चेष्टा नाही. कपाट आग विझवत नाही, ते वेळ देतं. त्या नियमात कपाटाची कसोटी अशी आहे की बाहेर 10 मिनिटं आग असताना आतलं तापमान 163 अंशांवर जाऊ नये. जाड लाकूड हळूहळू जळतं, तेवढा वेळ ते काढतं. 10 मिनिटांत तुमची माणसं आणि वरची बिऱ्हाडं खाली उतरतात. आणि दाराला दोन इंचांचा उंबरा असतो, म्हणजे आत डबा फुटला तरी द्रव बाहेर ओघळत नाही. सुताराकडून करून घेता येईल. बोळात पत्र्याच्या छपराखाली, सावलीत, कुलूप लावून. उघड्यावर वाफ साचत नाही.

मामा : हे जमेल. आता माझं ऐक, कारण या बाबतीत मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. कपाट बोळात गेलं, कुलपाची किल्ली माझ्याकडे. मशीनमनला दर अर्ध्या तासाला मशीनवरचं रबरी ब्लँकेट पुसायचं असतं. तो दर वेळी किल्ली मागायला येईल का? नाही येणार. सकाळी एकदाच पाण्याच्या बाटलीत दोन लिटर भरून घेईल आणि मशीनखाली ठेवेल. तुझा नियम जितका कडक, तितकी त्याची बाटली मोठी. वर कुणी तहानलेला पोरगा ती पाणी समजून तोंडाला लावेल, ते वेगळंच. नियम हाताशी नसला की माणूस स्वतःचा नियम करतो.

भाची : हे मी माझ्या कारखान्यातही पाहते, आणि नियम लिहिणारे बहुतेक वेळा हेच विसरतात. तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणून कपाट हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं मशीनपाशी. धातूचा छोटा डबा मिळतो, वर दाबायची थाळी असते. चिंधी ठेवून दाबली की चिंधी भिजेल एवढंच द्रव वर येतं, सोडलं की जास्तीचं आत परत जातं. त्याला प्लंजर कॅन म्हणतात. अर्धा-एक लिटरचा असला की पुरतो. ब्रिटिश मार्गदर्शनात यासाठी मोजमापही आहे : कामाच्या जागी अर्ध्या दिवसाला किंवा एका पाळीला लागेल तेवढंच.

मामा : एका पाळीपुरतं. हा आकडा मला आवडला. 30 लिटरचा आकडा दिल्लीत ठरला, हा माझ्या कामावरून ठरतो.

भाची : आणि मशीनमनलाही पटेल. त्याला विचारा, दुपारच्या जेवणापर्यंत किती लागतं. तेवढंच सकाळी डब्यात घालायचं, बोळात, नरसाळ्यानं, तार लावून. डब्यावर मराठीत ठसठशीत नाव : थिनर. पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या पूर्ण बंद.

मामा : मान्य. चला, झालं का?

भाची : अजून दोन कोपरे राहिले. ते चिंध्यांचं गाठोडं, आणि मोरीजवळचे रिकामे डबे.

मामा : चिंध्या रात्री जमतात, आठवड्यानं भंगारवाला नेतो. त्यात काय?

भाची : ऑफसेटच्या शाईत हवेतल्या ऑक्सिजननं सुकणारी तेलं असतात, जवसाचं त्यातलंच. ती सुकताना उष्णता बाहेर टाकतात. पसरलेल्या चिंधीतून ती निघून जाते. ढिगात अडकते, आतून तापत जाते, आणि ठिणगी नसताना ढीग पेटू शकतो, तोही रात्री, कुणी नसताना. वर त्याच चिंध्यांना वॉश लागलेलं. म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि रोज संध्याकाळी तो बाहेर.

मामा : आणि रिकामे डबे? त्यात तर काहीच नाही.

भाची : द्रव नाही, वाफ आहे. भरलेल्या डब्यात वाफेला जागा कमी असते. रिकाम्यात वाफ आणि हवा दोन्ही भरपूर, पेटायला नेमकं हवं तेवढं मिश्रण. तुमचा भंगारवाला ते डबे कापून टप बनवणाऱ्याला विकतो. कटरची ठिणगी पडली की झाकण उडतं, आणि बाजूचा माणूसही. गॅस वेल्डिंगवाल्यांच्या अशा अपघातांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. डबे बूच लावून दुकानदाराला परत द्या.

मामा : यावरून आठवलं. परवा खंडेनवमी. मशीनची पूजा. त्या दिवशी सकाळी पोरं मशीन थिनरनं लखलखीत पुसतात, मग झेंडूच्या माळा, मग निरांजन आणि उदबत्ती.

भाची : मामा!

मामा : अगं, मला आत्ताच सुचलं, बोलता बोलता. तू ओरडायची गरज नाही. पुसणं आदल्या संध्याकाळी, दारं उघडी ठेवून. निरांजन मशीनवर नको, दाराशी देव्हाऱ्यासमोर. आणि या दिवसांत अंकांच्या कामाचं जास्तीचं थिनर आत असतं, ते आधी बोळात. पूजा मी मोडणार नाही, हे आत्ताच सांगतो.

भाची : मोडायला कोण सांगतंय? आता आग विझवायच्या सिलिंडरकडे या. कुठे आहे तो?

मामा : थिनरच्या शेजारी. जिथे आग लागेल तिथेच नको का?

भाची : तिथे आग लागल्यावर हात घालून तो काढणार कसा? बाहेर पडायच्या दाराजवळ ठेवा, म्हणजे माणूस आधी दाराकडे जाईल, मग मागे वळून विझवेल. जमलं नाही तर बाहेर पडेल. आणि पाणी नको. थिनर पाण्यावर तरंगतं, जळतं थिनर पाण्याबरोबर खोलीभर पसरतं. ड्राय केमिकल पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड. पण हे सगळं वर्षाला एकदा माणसांच्या हातात देऊन दाखवायला हवं.

मामा : हां, इथे मला तुझ्यावर नाही, तुझ्या जातभाईंवर राग येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, 2006. इमारतीतल्या यंत्रणा चालू आहेत याचा नमुना ‘ब’, दर जानेवारीत आणि जुलैत. एजन्सीचा माणूस येतो, सिलिंडरवर नवी चिकटपट्टी लावतो, पैसे घेतो, जातो. माझ्या मशीनमनला पिन कशी ओढायची ते आजवर कुणी दाखवलं नाही. तुमचे नियम कागदाची काळजी घेतात. माणसाची घ्यायची ती मालकालाच घ्यावी लागते.

भाची : चिकटपट्टीच्या नावानं बोटं मोडायचा तुम्हाला अधिकार आहे. पण त्याच कायद्यानं जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकलीय, एजन्सीवर ढकलून तुम्ही सुटत नाही. एजन्सीच्या माणसाला जाऊ देऊ नका, एक सिलिंडर तरी माणसांसमोर चालवून दाखव म्हणा. पुन्हा भरायचे पैसे लागतील, पण वर्षातला तोच सगळ्यात उपयोगी खर्च.

मामा : तुम्ही लोक आणखी एक सांगता. वॉशच बदला, जास्त फ्लॅश पॉइंटचं, वनस्पती तेलाचं घ्या. मी घेऊन पाहिलं. ते सावकाश सुकतं, रोलर पुन्हा पाण्यानं पुसावा लागतो, आणि पहिले पाच-पन्नास कागद वाया जातात. दिवाळी अंकाच्या आठवड्यात वाया गेलेला अर्धा तास कोण भरून देणार? मोठ्या छापखान्यात आपोआप रोलर धुणारी यंत्रणा असते, त्यांना हे परवडतं. माझं मशीन हातानंच पुसावं लागतं.

भाची : मग सगळीकडे नको. दिवसभराच्या पुसण्याला जास्त फ्लॅश पॉइंटचं, रंग बदलताना थिनर. थिनरचा वापर निम्मा झाला तरी साठा निम्मा होईल. अधूनमधून पेट्रोलनं रोलर पुसता, ते मात्र आजपासून बंद. ते सगळ्यात लवकर पेटतं, आणि त्यातलं बेंझिन कर्करोगाला कारण ठरतं.

मामा : पेट्रोल गेलं. पण आता तू मला एका प्रश्नाचं उत्तर दे, तुझ्या नियमांच्या पुस्तकात नसलेलं. आमच्या बोळातले तीन छापखाने मिळून सणाच्या आधी 200 लिटरचं पिंप घेतो. दर कमी पडतो. पिंप माझ्या अंगणात, प्रत्येक जण आपला वाटा नेतो. तू म्हणशील, 30 लिटरची मर्यादा मोडली.

भाची : मोडलीच. कायदा ताब्यात किती आहे ते बघतो. पिंप तुमच्या अंगणात, म्हणजे सगळं तुमच्या ताब्यात.

मामा : मग मी 5 लिटरचे सीलबंद डबे घ्यायचे. ते लिटरला जास्त महाग. म्हणजे जो गरीब, ज्याच्याकडे जागा कमी, त्यानं सुरक्षिततेसाठी जास्त पैसे मोजायचे. कपाट, प्लंजर कॅन, तारा, सिलिंडर, सगळा खर्च माझा. ज्याच्याकडे परवान्याचं गोदाम आहे, आग झेलणाऱ्या भिंती आहेत, तो व्यापारी मात्र घाऊक भावानं पिंप माझ्या दारात सोडतो आणि मोकळा होतो. तुझे सगळे नियम साखळीच्या शेवटच्या माणसाला सांगतात, मधल्याला कुणी काही सांगत नाही.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण तुम्हीच ते अर्धं दिलंत. साठवायची सगळ्यात सुरक्षित जागा ही ज्याच्याकडे परवाना आणि गोदाम आहे, त्याचीच. मग द्रव तिथेच राहू दे, तुमच्याकडे चार दिवसांपुरतं येऊ दे. तिघांनी मिळून पिंप घेण्याऐवजी तिघांनी मिळून व्यापाऱ्याशी ठरवा : भाव 200 लिटरचा, पण आठवड्यातून दोनदा 5 लिटरचे धातूचे डबे, रिकामे परत. तीनऐवजी तीस छापखाने एकत्र आले तर तो नाही म्हणणार नाही. मुद्रक संघ काय फक्त हळदीकुंकू करायला आहे?

मामा : संघाच्या बैठकीत हे मांडतो. पण दिवाळीच्या आठवड्यात व्यापाऱ्याचा पोरगा गावाला जातो, आणि मला मध्यरात्री थिनर लागतं. तेव्हा तुझा ‘चार दिवसांपुरतं’चा नियम मोडणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

भाची : तेव्हा एक पाळी जास्त ठेवा, बोळातल्या कपाटात, बूच लावून. आणि वहीत लिहा की का ठेवलं.

मामा : वही नाही. मला वह्यांचा कंटाळा आहे. माझ्या डोक्यात सगळं असतं.

भाची : तुम्ही असता तेव्हा वहीची गरज नाही, हे मीही मानते. पण आग विझवणारा जवान रात्री 2 वाजता दारात येईल, तेव्हा तो तुमच्या डोक्यात डोकावू शकत नाही. त्याला एकच हवं असतं : आत काय आहे, किती आहे, कुठे आहे. दारावर एक कागद, त्यावर तीन ओळी. तेवढीच वही.

मामा : तीन ओळी? तेवढी मी स्वतः छापून देईन, तिन्ही छापखान्यांना. पण आकडा तुझ्या कायद्याचा नाही छापणार. ‘एका पाळीपुरतं’ असं छापेन, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल तरी.